मोकळ्या दिवसांचा भागाकार

रविवारी सकाळी सहा वाजता 'घरोबा'ने दीपेश शिवलकरला त्याच्या मुलीच्या गटातून काढून टाकलं. काढलं ते नियमानेच, आणि तो नियम त्याच्या बायकोने लिहिला होता. ती त्या वेळी गॅसवर चहाचं आधण ठेवून उभी होती आणि आज शाळा नाही म्हणून खुशीत होती.

दुपारी जेवणं आटोपल्यावर दीपेशचा निरोप आला. तो तेलवाहू जहाजावर फिटर होता. जूनअखेरीस गेला होता, मार्चमध्ये परतायचा होता. जहाजावर खलाशांसाठी नेट उघडायचं ते फक्त रविवारी, तासभर. एरवी त्याचा निरोप म्हणजे शर्वीच्या चाचणीवर चार ओळी, तिच्या चित्राचं कौतुक आणि शेवटी दर्शनाला एखादा चिमटा. आज एकच ओळ होती. 'आपल्या शाळेने मला काढलं वाटतं, लिहून आलंय की आपण या गटाचे सदस्य नाही.'

आपल्या शाळेने, असं त्याने लिहिलं होतं. दोघं सांदखोल विद्यामंदिरात एकाच वर्गात शिकले होते, म्हणून ती त्याला अजूनही एकांतात बोलताना 'तू' आणि सासऱ्यांसमोर 'तुम्ही' म्हणायची. आता त्याच शाळेत ती संगणक लिपिक होती आणि त्यांची शर्वी पाचवीत होती. दर्शनाने ती ओळ तीनदा वाचली. दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं, आणि तास संपला.

आता हा घरोबा काय प्रकार आहे, ते सांगायला हवं.

सांदखोल हे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं लहानसं बंदर. गावातले निम्मे बाप मासेमारीला, उरलेल्यांतले बरेच व्यापारी जहाजांवर. शाळेने पालकांसाठी पहिलं पोर्टल घेतलं तेव्हा त्यातले गट हाताने करायचे होते. पाचवी अ, बस क्रमांक दोन, दुपारचा आहार, असे. मग कुणाचा नंबर बदलायचा, कुणाची तुकडी बदलायची, कुणी गाव सोडून जायचं, तरी यादी आपली जागच्या जागी. दहावी होऊन दोन वर्षं लोटलेल्या मुलाच्या आईला सहावीच्या सहलीची आठवण जायची, आणि वर्गात तापाने फणफणलेल्या पोराच्या घरी मात्र कुणालाच पत्ता नसायचा. दर्शना म्हणायची, यादी लिहून झाली की त्याच क्षणी ती शिळी व्हायला लागते.

घरोबाने यादीच मोडीत काढली. त्यात नावं लिहायची नाहीत, अट लिहायची. रोज सकाळी सहाला यंत्र शाळेच्या सगळ्या नोंदी वाचणार आणि त्या दिवसापुरता प्रत्येक गट नव्याने बांधणार. मूल सहावीत गेलं की घरचे आपोआप सहावीच्या गटात. पण घरचे म्हणजे कोण, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ती अट प्रत्येक शाळेने आपली आपण लिहायची असते. बहुतेक शाळांनी प्रवेशअर्जावरची नावं उचलली आणि हात झटकले. दर्शनाने तसं केलं नाही. तिने यंत्राला खुणा वाचायला शिकवलं. शाळा सुटल्यावर फाटकाच्या खांबावर पंजा टेकवून मुलाला कोण घरी नेतं, विसरलेला डबा कोण आणून देतं, बाईंच्या निरोपाला उत्तर कोण देतं. प्रत्येक खुणेला गुण. आणि कधीकाळी केलेल्या मायेच्या जोरावर कुणी कायमचं बसून राहू नये म्हणून तिने त्या गुणांना अर्धायुष्य दिलं. किरणोत्सर्गी पदार्थ जसा ठरावीक काळाने निम्मा होतो, निम्म्याचा पुन्हा निम्मा होतो, तसे हे गुण दर तीस दिवसांनी निम्मे. दहाच्या खाली उतरला तो गटाबाहेर. गटात असेल त्यालाच मुलाचे निरोप मिळणार आणि फाटकातून मूल त्याच्याच हाती जाणार.

हे तिने हौसेने केलं नव्हतं. मागच्या वर्षी सुजय लाड नावाच्या माणसाने आपल्या मुलाला, ऋग्वेदला, दुपारच्या सुट्टीत शाळेतून उचलून नेलं होतं. लाड तीन वर्षांपूर्वी बायकोला आणि पोराला सोडून बारा किलोमीटरवरच्या तालुक्याला दुसरा संसार थाटून राहिला होता. पण अर्जावर बाप म्हणून नाव त्याचंच, त्यामुळे शिपायाने मूल दिलं. आई अश्विनी दोन दिवस वेड्यासारखी फिरली. तिसऱ्या दिवशी त्याने पोराला बसस्टँडवर आणून सोडलं, कारण त्याला फक्त बायकोला धडा शिकवायचा होता. अश्विनी शाळेच्या कचेरीत येऊन एक शब्दही बोलली नव्हती. नुसती बसून राहिली होती. तिचं ते बसणं दर्शनाच्या डोक्यातून जाईना, आणि त्यातून हा नियम जन्माला आला. पालकसभेत तिने शब्द दिला होता की या गटात कुणाचंही नाव हाताने घातलं जाणार नाही आणि हाताने काढलंही जाणार नाही.

आता तो शब्द तिच्याच अंगावर आला होता. दीपेश निघाला तेव्हा त्याच्या नावावर एकशे साठ गुण होते. एका महिन्यात ऐंशी, मग चाळीस, वीस, दहा, आणि पाचवा महिना संपताना पाच. रविवारच्या उत्तरांचे जेमतेम चार गुण त्यात मिळवले तरी दहा होईनात. यंत्राने चोख काम केलं होतं.

सोमवारी शाळेत पाय ठेवते तोच कळलं की दीपेश एकटा नव्हता. जूनमध्ये गेलेले त्रेचाळीस खलाशी आठवड्याभरात एकेक करून गळले होते. त्यांच्या बायका, आया, भाऊ कचेरीच्या दारात उभे होते. कुणी रागावलेलं, कुणी नुसतं बावरलेलं. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, माझ्या झिलाचं काही बरंवाईट झालंय का, म्हणून नाव काढलंत? दर्शनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुख्याध्यापक माईणकर सर भला माणूस. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले की बाई, त्रेचाळीस नावं तर आहेत, घाला हाताने आणि मिटवा. शब्द दिला होता हे त्यांना आठवत होतं, पण अडचणही तशीच होती. दर्शना हो म्हणणारच होती. तेवढ्यात सरांनीच टेबलावरचा एक कागद तिच्याकडे सरकवला. लाडचा अर्ज होता. त्याच्या कानावर खलाशांची गोष्ट गेली होती आणि त्याने लगोलग लिहून दिलं होतं की गैरहजर बापांना परत घेणार असाल तर मीही गैरहजर बाप आहे, मलाही घ्या. नियम सगळ्यांना सारखा. शनिवारी पालकसभा बोलवा, नाहीतर अर्जावरच्या नावांवर परत चला.

मेख अशी होती की तो जे म्हणत होता ते चूक नव्हतं. दीपेश पाच महिने फाटकावर आला नव्हता, लाडही आला नव्हता. यंत्राच्या लेखी दोघे सारखे.

दुपारी अश्विनी आली. मासळी सुकवण्याच्या कारखान्यातून मधल्या सुट्टीत धावत आली होती, हाताला मीठ तसंच. या वेळी मात्र ती बोलली.

"मॅडम, तुमच्या मालकांचं नाव जायला नको होतं, ते मला कळतं," ती म्हणाली. "पण त्यांच्यासाठी दार उघडाल तेव्हा मागून कोण शिरतंय, तेवढं बघा."

पुढचे तीन दिवस दर्शनाने खूप डोकं आपटलं. अर्धायुष्य तीसवरून नव्वद दिवसांचं करून पाहिलं. दीपेश आत आला, पण मग एकदा फाटकावर येऊन तोंड दाखवणारा माणूसही महिनोन्‌महिने आत राहू लागला. उत्तराचे गुण वाढवून पाहिले, तर घरी बसल्या बसल्या रोज अंगठा दाखवणारे पुढे गेले आणि मुलांना पाठीवर घेऊन चिखलातून येणाऱ्या आज्या मागे पडल्या. एक भोक बुजवावं तर दुसरीकडून पाणी. बुधवारी तिने शर्वीला विनाकारण धपाटा घातला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आबा, म्हणजे तिचे सासरे गजानन शिवलकर, अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. आबा गावातले जुने तांडेल, चाळीस वर्षं बोट चालवलेले. समुद्रावरून कुणीही घरी येवो, मुलगा असो की पुतण्या, त्याला ते एकाच वाक्याने घरात घ्यायचे. आलास? हातपाय धू, बस. पुढे काही विचारायचं असेल ते जेवणानंतर.

"काय गो, चार दिवस तोंड उतरलंय तुझं," ते म्हणाले. तिने सगळं सांगितलं. दीपेशच्या गुणांचं, लाडच्या अर्जाचं, अर्धायुष्याचंही. आबा जाळ्यातून मान वर न करता ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की यंत्र मोजतं काय? किती वेळा आला, तेच ना? ती हो म्हणाली.

"आणि किती वेळा येता आलं असतं, ते?"

दर्शनाने हातातली पिशवी खाली ठेवली.

"अगो, नारळाचा मान विसरलीस?"

ती विसरली होती. सांदखोलात जन्मली, सांदखोलातच दिली गेली, दरवर्षी हातात ताट घेऊन बंदरावर उभी राहिली, आणि तरी विसरली होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला पहिला नारळ देण्याचा मान गावात सगळ्यात मोठ्या बोटीला नसतो की सगळ्यात जास्त मासळी आणणाऱ्यालाही नसतो. मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर एक काळी पाटी आहे. तिच्यावर प्रत्येक होडीपुढे दोन आकडे असतात. वर, होडी किती दिवस समुद्रात गेली. खाली, तिच्यासाठी समुद्र किती दिवस मोकळा होता. लहान होडीला जरा वारा सुटला की समुद्र बंद, मोठ्या बोटीला त्या वाऱ्यातही उघडा. म्हणून खालचा आकडा ज्याचा त्याचा वेगळा, आणि मान ठरतो तो वरच्याला खालच्याने भागून.

"एका वर्षी पाटी माझ्याकडे होती," आबा सांगू लागले. "भिकाजीची वल्हवायची होडी, तिला मोकळे दिवस त्रेचाळीस, गेला चाळीस. माझी बोट मोठी. मोकळे दिवस दीडशे, गेलो मी चौऱ्याण्णव. मान कुणाचा, तूच सांग. खडू माझ्या हातात होता, कोण बघणार होतं? पण मीच नारळ नेऊन भिकाजीच्या हातात दिला. त्या दिवशी जेवण गेलं नाय मला. पण दिला."

दर्शना उठली ती चपला न काढताच आत गेली आणि संगणकापुढे बसली. तिला हसू येत होतं आणि स्वतःला चापट मारावीशीही वाटत होती. पाच हजार ओळींचा नियम लिहिला आणि त्यात भागाकाराची रेघच नव्हती. छेद कुठे आहे, हे गावातल्या पाटीवर रोज लिहिलेलं असताना तिने परगावच्या शाळांसारखा नुसता अंश मोजला होता.

शुक्रवारी सकाळपासून तिने नवा नियम बांधायला घेतला. प्रत्येक माणसासाठी यंत्र आता दोन आकडे ठेवणार होतं. वर, तो मुलासाठी किती वेळा आला किंवा बोलला. खाली, त्याला ते किती वेळा शक्य होतं. पंधरा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला शाळेचा प्रत्येक दिवस ही एक संधी. ज्याला कामाची पाळी आहे, आजारपण आहे, त्याने ते नोंदवायचं, तेवढे दिवस खालच्या आकड्यातून वजा. जहाजावरच्या माणसाचं तर सोपं होतं. व्यापारी जहाजं आपला ठावठिकाणा सारखा प्रसारित करत असतात, तो कुणालाही वाचता येतो. जहाज खोल समुद्रात असेल तर नेटचा तो रविवारचा तास हीच खलाशाची एकुलती संधी. आठवडा म्हणजे त्याचा एक दिवस. आणि उंबरठा तिने तिसऱ्या हिश्श्याचा ठेवला. शक्य होतं त्यातल्या तीन वेळांपैकी एकदा तरी आला, तर तो घरचा. कायद्याने कोण कुणाचा बाप आणि कोण आई, ते कोर्टाने ठरवावं. फाटकापुरतं आणि रोजच्या निरोपांपुरतं हे पुरे होतं. उंबरठ्याचा आकडा तिने माईणकर सरांना कागदावर लिहून दिला, सही केली आणि मगच नियम चालवला.

तीन मिनिटं लागली.

दीपेश शिवलकर: बावीस रविवार मोकळे, एकवीस वेळा उत्तर. जो एक चुकला तो ऑगस्टातला, तेव्हा त्याला ताप होता. सुजय लाड: संधी एकशे अठ्ठेचाळीस, आला शून्य वेळा. मागच्या वर्षीच्या नोंदी उघडल्या तर दोनदा, आणि त्यातला एकदा पोराला उचलून न्यायला. त्रेचाळीस खलाशांपैकी एकोणचाळीस परत आत आले. चार नाही आले. त्यांच्याकडे रविवारचा तास होता आणि पोरंही होती, पण त्यांनी तो तास दुसरीकडे घालवला होता. तालुक्याच्या रुग्णालयात पाळ्या करणारी एक परिचारिका कायम उंबरठ्यावर लोंबकळत असायची, ती एकदम वर चढली. दर्शनाने खुर्ची मागे लोटली आणि दोन्ही हात वर केले. कचेरीत कुणी नव्हतं म्हणून बरं.

मग तिची नजर शर्वीच्या ओळीवर गेली. आत, गजानन शिवलकर, आजोबा. आत, दीपेश शिवलकर, वडील. बाहेर, दर्शना शिवलकर, आई. संधी एकशे अठ्ठेचाळीस, आली एकतीस वेळा.

तिला आधी वाटलं यंत्र चुकलं. मग तिने एकेक नोंद उघडून पाहिली. निरोप ती स्वतःच पाठवायची, त्यामुळे ते धरलेले नव्हते, आणि ते बरोबरच होतं. शर्वीला रोज न्यायला आबा यायचे. वहीवर सही आबांची. डबा विसरला तर तो घेऊन येणारे आबा. फाटक तिच्या टेबलापासून पन्नास पावलांवर होतं आणि शाळा सुटते त्याच घंटेला कचेरीही सुटायची. पण ती थांबायची. कारण घरोबा होता, त्याच्या अटी होत्या, गावच्या तीनशे मुलांना त्यांचे घरचे मिळवून द्यायचे होते. माईणकर सर कितीदा म्हणाले होते की बाई, पोरीबरोबर घरी जा. हो सर, पाचच मिनिटं, असं म्हणत तिने जूनपासून डिसेंबर गाठला होता. कामाची पाळी नोंदवायची म्हटलं तर पाळी नव्हतीच. अडचण कुठलीच नव्हती.

तिला फार लागलं. दीपेश हजारो मैलांवरून एकवीस वेळा आला होता आणि तिला पन्नास पावलं झाली नव्हती.

उंबरठा तिसऱ्याऐवजी पाचव्या हिश्श्याचा केला की काम भागत होतं. ती आत येत होती, लाड तरीही बाहेरच राहत होता. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी हसत दुसऱ्या कागदावर सही केली असती. तिने बोट आकड्यावर नेलंही. मग तिला आबांचा खडू आठवला. ती उठली, तोंड धुवून आली आणि निकाल जसाच्या तसा छापून सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि सभेच्या कागदांत लावून ठेवला.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं. दर्शनाने पडद्यावर पहिल्यांदा सोसायटीची काळी पाटी दाखवली. गणित समजावायला तिला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सांदखोलात भागाकार कुणाला शिकवावा लागत नाही. ज्या म्हाताऱ्या बाईंनी झिलाचं बरंवाईट विचारलं होतं त्या मागून म्हणाल्या, असं आधी सांगायचं होतंस गो बाय, आणि सभागृह हसलं. तिने परत आलेल्या एकोणचाळीस जणांची नावं वाचली तेव्हा प्रत्येक नावाला कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून टाळी पडत होती.

मग लाड उभा राहिला. चांगले कपडे, शांत आवाज. त्याने आधी अभिनंदन केलं आणि मग विचारलं की हा नियम कधी सुचला? गेल्या रविवारी बाईंचा नवरा बाहेर गेला आणि आठवड्याच्या आत नियम बदलला, खरं ना?

"हा नियम नाही," तो सभेकडे वळून म्हणाला. "हा नवऱ्याच्या मापाने शिवलेला शर्ट आहे. बाईंचं घर आत, आणि आम्ही बाहेर."

माना दर्शनाकडे वळल्या. लोकांना दर्शना आवडत होती, पण शंका काही वाईट नव्हती. अश्विनी दुसऱ्या रांगेत ऋग्वेदचा हात घट्ट धरून बसली होती.

दर्शनाने शर्वीची ओळ पडद्यावर लावली.

"लाडसाहेब, माझं घर पूर्ण वाचते," ती म्हणाली. "आजोबा आत. वडील आत, बावीसपैकी एकवीस. पुढची ओळ माझी आहे. एकशे अठ्ठेचाळीसपैकी एकतीस. मी बाहेर आहे. सोमवारपासून माझ्या मुलीला या फाटकातून मी नेऊ शकत नाही. नियम माझ्या हातात होता. मापाने शिवायचाच असता, तर आधी स्वतःच्या मापाने शिवला असता."

कुणी टाळी वाजवली नाही. लाडने पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली आणि तो खाली बसला. तेव्हा मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले सोसायटीचे चेअरमन म्हणाले की हे आमच्या पाटीसारखं आहे, याला आमची संमती, आणि त्यांनी हात वर केला. मग रांगामागून रांगा वर जाऊ लागल्या. माईणकर सरांना मोजावंच लागलं नाही. अश्विनी अजून ऋग्वेदचा हात धरूनच बसली होती, त्यामुळे दोघांचे हात एकदमच वर गेले.

वर्षभरात किनाऱ्यावरच्या साठ शाळांनी हा नियम घेतला. घरोबा बनवणाऱ्यांनी त्याला स्वतःच्या यादीत जागा दिली आणि नाव विचारलं तेव्हा दर्शनाने 'मोकळे दिवस' असं कळवलं. पण ते नंतरचं.

सोमवारी पाचच्या घंटेला तिने संगणक बंद केला. पन्नास पावलं चालून ती फाटकाशी गेली आणि खांबावर पंजा टेकवला. लाल दिवा लागला. सगळ्या पोरांना ही मोठी मजा वाटली, कारण खांबाला तो दिवा लावायला मुळात तिनेच शिकवलं होतं. तिच्या मागे आबांनी पंजा ठेवला, हिरवा दिवा लागला आणि शर्वी बाहेर आली. आई तू कशाला आलीस, तुला देत नाहीत ना मला, ती म्हणाली. दर्शना म्हणाली की देत नाहीत, पण आलेलं धरतात.

रांगेत पुढे उभी असलेली अश्विनी हसून म्हणाली, "मॅडम, उद्या लवकर या. रांग मागूनच धरावी लागते."

हिशोब दर्शनाने केला होता. वरही एक वाढणार, खालीही एक वाढणार. असं अठ्ठावीस वेळा झालं की तिसरा हिस्सा पुरा. मध्ये नाताळची सुट्टी, एक स्थानिक सुट्टी, एक दिवस शर्वीला सर्दी. ती रोज येत राहिली. पहिल्या आठवड्यात तिचं मन अर्धं कचेरीतच असायचं. मग तिच्या लक्षात एक गोष्ट आली. शर्वी फाटकातून निघाली की सुरूच्या बनापर्यंत अखंड बोलायची. कुणाचं कुणाशी भांडण झालं, बाई काय म्हणाल्या, नदीच्या धड्यात तिला काय पटलं नाही. बन संपलं की गप्प. घरी पोचेपर्यंत सगळ्या बातम्या संपलेल्या असायच्या. 'आज काय झालं शाळेत' असं दर्शना जूनपासून रात्रीच्या जेवणाला विचारत होती आणि 'काही नाही' हे उत्तर तिला रोज मिळत होतं. शर्वीचा दिवस रोज आबांच्या पदरात पडत होता आणि आबा तो आपल्याजवळच ठेवत होते, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

जानेवारीच्या मध्यावर एका शुक्रवारी शर्वी धावत आली आणि तळहात पुढे केला. त्यावर शाईने अठ्ठावीस लिहिलं होतं. ती रोज मोजत होती, हे दर्शनाला तेव्हा कळलं. लाल दिव्याच्या उजेडात तिने पोरीला उचलून घेतलं. शर्वी आता दहा वर्षांची होती, उचलण्याजोगी राहिली नव्हती, पण उचललं.

शनिवारी सकाळी सहा वाजता ती अंगणात मोबाईल धरून उभी होती. निरोप आला. 'दर्शना दीपेश शिवलकर यांना शर्वीच्या गटात घेण्यात आले आहे.' असा निरोप गटातल्या प्रत्येकाला जातो. आबांच्या खिशातला मोबाईल वाजला, त्यांनी तो लांब धरून वाचला आणि पुन्हा जाळ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. शाळा सकाळची होती. साडेअकराला तिच्या पंजाखाली हिरवा दिवा लागला तेव्हा फाटकावरचा शिपाई गुरव खुर्चीतून उठून उभा राहिला.

रविवारी दुपारी जहाजाचा तास उघडला. दर्शना, आबा आणि शर्वी तिघंही एकाच मोबाईलवर वाकून बसली होती. दीपेशचं उत्तर आलं, बाविसानंतरच्या सातही रविवारी आलं होतं तसंच. तो हिंदी महासागराच्या मध्यावर होता आणि ती स्वतःच्या अंगणात होती, तरी त्याने लिहिलं होतं,

'आलीस? हातपाय धू, बस.'